चट्टा खाजत नाही, मग काळजी कशाची? सोरायसिस, इसब आणि कुष्ठरोगाच्या खुणा कशा ओळखाव्यात

नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वरोऱ्याच्या पुढे माजरी जंक्शन लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले हे गाव वेकोलिच्या कोळसा खाणींमुळे ओळखले जाते. खाणीतली धूळ, हाताला लागणारे ग्रीस आणि डिझेल, दिवसभर पायात असलेले रबरी गमबूट आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा. अशा ठिकाणी अंगावर एखादा चट्टा उठला तर त्याचे कुणाला फारसे काही वाटत नाही. खाजला तर औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली जाते. खाजला नाही तर तेवढेही होत नाही.

गफलत इथेच होते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातले कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत आणि कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा बहुतेक वेळा खाजतही नाही, दुखतही नाही. म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. याउलट सोरायसिसचे जाड, खवले सुटणारे चट्टे पाहून माणसे बिचकतात. रुग्णाचे ताट-पेला वेगळा होतो, मुलीचे लग्न अडते. वास्तविक सोरायसिस एकापासून दुसऱ्याला होतच नाही. दिसायला भीतीदायक ते संसर्गजन्य आणि दिसायला साधे ते बिनधोक, हा हिशेब त्वचेच्या बाबतीत वारंवार चुकतो.

‘कुष्ठ’ या शब्दाने केलेला घोळ

हा घोळ आजचा नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘कुष्ठ’ या एकाच नावाखाली १८ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी काहींची वर्णने आजच्या गजकर्णाशी किंवा खरजेशी जुळतात, काहींची इसब आणि सोरायसिसशी. म्हणजे ‘कुष्ठ’ हा तेव्हा त्वचारोगांचा एक मोठा गट होता. पुढे बोलीभाषेत हा शब्द ‘महारोग’, ‘रक्तपिती’ यांच्या जोडीला जाऊन बसला आणि त्याचा अर्थ एकाच आजारापुरता उरला. भीती मात्र सगळ्याच चट्ट्यांना चिकटली.

युरोपातही वेगळे काही घडले नाही. इंग्रज डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांची शिस्तशीर वर्गवारी केली. तिच्यात सोरायसिसच्या एका प्रकाराला त्यांनी ‘लेप्रा’ म्हटले होते. व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये तो शब्द सोरायसिसपासून वेगळा काढला. त्यानंतर १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला आणि हा आजार शाप, पाप किंवा आनुवंशिकतेने येत नाही, जंतूमुळे होतो, हे स्पष्ट झाले.

माजरीच्या शेजारी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले तेही याच भीतीच्या काळात. वरोऱ्यात वकिली करणारे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण पाहून स्वतःही आधी घाबरले होते. नंतर त्यांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्या वेळी हातापायांची बोटे वाकडी होईपर्यंत रोग लक्षात येत नसे आणि लक्षात आला तरी खात्रीचा उपाय नव्हता. आज उपाय आहे, तोही मोफत. ओळखण्यातला उशीर मात्र अजून संपलेला नाही.

सावळ्या कातडीवर ‘लाल’ दिसत नाही

त्वचेच्या दीर्घकालीन आजारांत ‘दाह’ हा शब्द नेहमी येतो. त्याचा अर्थ इतकाच की शरीराची संरक्षण यंत्रणा त्या जागी सतत लढत्या अवस्थेत असते. रक्त जास्त येते, जागा सुजते, कातडी जाड होते किंवा सुटू लागते. सोरायसिस आणि इसब यांत ही यंत्रणा विनाकारण किंवा क्षुल्लक कारणाने पेटते. कुष्ठरोगात ती एका खऱ्या जंतूशी लढते आणि त्या लढाईत मज्जातंतू म्हणजे नसा भरडल्या जातात.

पुस्तकांत आणि इंटरनेटवर दाहाची खूण म्हणून ‘लालसर चट्टा’ असे लिहिलेले असते. ते बरेचसे गोऱ्या कातडीच्या चित्रांवरून आले आहे. विदर्भातल्या सावळ्या-काळ्या अंगावर तोच चट्टा जांभळट, तपकिरी, राखाडी किंवा भोवतीच्या कातडीपेक्षा नुसताच गडद दिसतो. म्हणून रंगापेक्षा इतर गोष्टी जास्त उपयोगी पडतात. कडा स्पष्ट आहे का, पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत, खवले सुटतात का, शरीराच्या कोणत्या भागावर आहे, दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे पाहावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, तिथे हात लावल्याचे कळते का?

सोरायसिस: कोपर, गुडघे, डोके आणि नखे

सोरायसिसचा चट्टा जाड असतो आणि त्याची कडा आखल्यासारखी स्पष्ट असते. वर रुपेरी-पांढरे खवले असतात. ते खरवडले की मेणबत्तीच्या मेणासारखा भुगा पडतो आणि आणखी खरवडले तर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. (करून पाहू नये. जिथे कातडी दुखावते तिथे नवा चट्टा उठणे हे सोरायसिसचेच एक लक्षण आहे.) नेहमीच्या जागा म्हणजे कोपराची आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, कमरेचा खालचा भाग आणि डोके. डोक्यावरचा सोरायसिस पुष्कळदा ‘कोंडा’ म्हणून वर्षभर शाम्पू बदलण्यात जातो. कोंडा केसांत पसरलेला असतो, तर सोरायसिसचे थर हाताला जाड लागतात आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर येतात.

नखे बघायला लोक विसरतात. नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग, नख टोकाकडून सुटणे, या खुणा सोरायसिसकडे बोट दाखवतात. असे नख बुरशीचे समजून महिनोन्महिने औषध घेतले जाते. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील, एखादे बोट अख्खे सुजत असेल किंवा टाच दुखत असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी. सोरायसिसच्या काही रुग्णांत सांधेही धरतात, आणि उशीर झाला तर सांध्यांची झीज भरून येत नाही.

हा आजार पूर्ण नाहीसा होत नाही, पण तो ताब्यात राहतो. हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात अनेकांना बरे वाटते. लहान मुलांत किंवा तरुणांत घसा बसल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठले, तर तोही सोरायसिसचा एक प्रकार असू शकतो.

इसब: आधी खाज, मग पुरळ

इसबाला गावाकडे उकवत म्हणतात. यात खाज सगळ्यांच्या पुढे असते. कडा पुसट, सुरुवातीला बारीक फोड आणि पाझर, मग खपली, आणि खूप दिवस खाजवल्यावर कातडी हत्तीच्या पाठीसारखी जाड व रेघारेघांची होते. तान्ह्या मुलांत गालांवर, मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, ही त्याची नेहमीची ठिकाणे. सोरायसिस सांध्याच्या बाहेर, इसब आतल्या घडीत, हा ढोबळ नियम बऱ्याचदा उपयोगी पडतो. घरात कुणाला दमा किंवा सतत सर्दी-शिंकांचा त्रास असेल तर इसबाची शक्यता वाढते.

कामामुळे होणारा इसब या पट्ट्यात वेगळा ओळखायला हवा. चंद्रपूर जिल्ह्यात खाणींइतकेच सिमेंट कारखाने आणि बांधकामेही आहेत. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियमच्या क्षारांमुळे हातांना आणि पायांना भेगा, खाज आणि पाझर येतो. तोच त्रास गमबुटाच्या रबरामुळे झाला तर तो बरोबर बुटाच्या आकारात दिसतो. सुट्टीत कमी होतो आणि पाळीवर परतले की पुन्हा सुरू होतो. हे वेळापत्रक कोणत्याही तपासणीइतके बोलके असते.

दुसरे कारण रस्त्याच्या कडेला उभे असते. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदवले गेले आणि आता कुठे नाही असे नाही. त्याचे कण हवेतून येऊन चेहरा, मान, हाताचा उघडा भाग आणि विशेषतः पापण्यांवर बसतात. शेतावर जाणाऱ्या मध्यमवयीन माणसाची मान आणि चेहरा वर्षानुवर्षे काळा, जाड आणि खाजरा होत जातो. ‘उन्हाने काळवंडला’ एवढेच त्यावर बोलले जाते.

आणि बिबा. जंगलपट्ट्यात बिब्याचे तेल चट्ट्यावर लावण्याचा उपाय अजून सांगितला जातो. बिबा उतला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळा डाग राहतो. मूळ चट्टा कसला होता हे ओळखणे त्यानंतर डॉक्टरांनाही अवघड जाते. चट्ट्याच्या जागी आधीच बधिरपणा असेल तर बिबा उतल्याचे रुग्णाला लवकर कळतही नाही.

कुष्ठरोग: जे जाणवत नाही तेच लक्षण

कुष्ठरोगाचा चट्टा भोवतीच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो. तो खडूसारखा पांढराशुभ्र नसतो. पांढरेशुभ्र डाग कोडाचे असतात, आणि कोडाचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही, जरी ‘पांढरे कुष्ठ’ या नावाने तो उगाच जोडला गेला आहे. कुष्ठाच्या चट्ट्यावर घाम कमी येतो, त्यामुळे भर मे महिन्यातही तेवढीच जागा कोरडी राहते. त्यावरची लव विरळ होते. आणि तिथली संवेदना कमी होते किंवा जाते.

ही संवेदना तपासायला फारसे काही लागत नाही. कापसाचे टोक वळून बारीक करावे किंवा बॉलपेनचे टोक अगदी हलके टेकवावे. आधी चांगल्या कातडीवर स्पर्श करून त्या व्यक्तीला काय ओळखायचे आहे ते समजावून द्यावे. मग डोळे मिटायला सांगून कधी चट्ट्यावर, कधी बाहेर स्पर्श करावा आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श वारंवार कळला नाही, किंवा बोट भलतीकडेच गेले, तर लगेच आरोग्य केंद्रात जावे. सुई टोचून किंवा चटका देऊन पाहण्याचा प्रकार करू नये.

मात्र स्पर्श कळला म्हणून निश्चिंत होण्यासारखेही नाही. जंतूंची संख्या जास्त असलेल्या प्रकारात चट्टे पुष्कळ आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात, कडा पुसट असतात आणि सुरुवातीला संवेदना शाबूत असू शकते. तिथे दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात. चेहरा तेल लावल्यासारखा चकाकतो. कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात. भुवया बाहेरच्या टोकाकडून गळतात. ‘तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आले’ असे कौतुक होत असतानाच आजार पसरत असतो.

नसांच्या खुणा तर चट्ट्याशिवायही दिसतात. कोपराच्या मागे आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, शर्टाची गुंडी लावता येत नाही. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. तव्याचा चटका बसतो आणि फोड पाहिल्यावरच लक्षात येते. बिडी ओढणाऱ्याच्या दोन बोटांमध्ये भाजल्याचे डाग राहतात. गमबुटात खडा गेला तर आठ तासांच्या पाळीनंतर बूट काढेपर्यंत तळव्याला जखम झालेली असते, आणि ती दुखत नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बूट चढवतो. बोटे ‘झडतात’ ती रोगाने आपोआप नव्हे, अशा न जाणवलेल्या जखमा पुन्हा पुन्हा होऊन आणि पिकून.

जंतू शरीरात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. त्यामुळे ‘आमच्या घरात कुणाला नाही, मग मला कुठून’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. बहुसंख्य माणसांत या जंतूला थोपवण्याची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासाने उरलेल्या थोड्या जणांना आजार होतो. हात मिळवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो होत नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता जवळपास संपते.

ट्यूबने झाकलेला रोग

हे सगळे ओळखण्याच्या आड येणारी एक वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात असते. खाज, नायटा, गजकर्ण, काहीही म्हटले की दुकानातून मिळणारे मिश्र मलम. त्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोडीला जबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब ‘चांगली’ ठरते आणि सोशल मीडियावर तिची शिफारस होते. आत बुरशी मात्र वाढत राहते. गजकर्णाची गोल, उठावदार कडा नाहीशी होते, एका गोलात दुसरा गोल तयार होतो, आणि मग तो चट्टा इसबासारखाही दिसतो, सोरायसिससारखाही. जांघेत कातडी पातळ होऊन पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात. चेहऱ्यावर लावले तर पुटकुळ्या, लव आणि लाली येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई किती पाळली जाते ते कोणत्याही दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिले की कळते.

सोरायसिसमध्ये धोका आणखी मोठा. भोंदू उपचारांतल्या ‘पांढऱ्या गोळ्या’ किंवा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असेल तर अंग चकाचक होते आणि ते बंद केल्यावर आजार उसळतो. अंगभर पू भरलेल्या फुटकुळ्या येणे, किंवा सगळी कातडी लाल-गडद होऊन सुटू लागणे आणि थंडी वाजणे, ही दवाखान्यात भरती होण्याची वेळ असते.

आणखी काही खुणा

काखेत किंवा जांघेत वारंवार होणारी काखमांजरी ही प्रत्येक वेळी साधी गाठ नसते. एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, आतून भुयारासारखी वाहत असेल आणि भोवती जोडीजोडीने काळे ठिपके असतील, तर तो एक स्वतंत्र दीर्घकालीन आजार आहे आणि नुसते चिरून तो थांबत नाही. मनगटावर जांभळट, सपाट माथ्याचे, चकाकणारे आणि भयंकर खाजणारे पुरळ लायकेन प्लॅनसचे असते. त्याची पांढरी जाळी गालाच्या आतही दिसते. पण खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा लायकेन म्हणून सोडून देऊ नये. या दोन्ही जिल्ह्यांत खर्ऱ्याचे प्रमाण पाहता तो कर्करोगाच्या आधीचा टप्पा नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. उन्हाने वाढणारी, दोन्ही गाल आणि नाकावर फुलपाखरासारखी पसरलेली लाली आणि सोबत सांधेदुखी किंवा बारीक ताप असेल, तर ल्युपसची शंका घेतात. मुलांच्या गालांवरचे फिके, किंचित भुरकट डाग बहुधा ‘जंत’ किंवा ‘कॅल्शियम कमी’ म्हणून खपवले जातात. ते सहसा कोरड्या कातडीचे सौम्य इसब असते. तरीही या भागात मुलाच्या अशा डागाची एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

फोटो पाठवून काय कळते आणि काय नाही

चट्ट्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की अर्ध्या तासात पाच मलमांची नावे मिळतात. नखावरचे खड्डे किंवा रुपेरी खवले चांगल्या फोटोत दिसतात, डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. पण बधिरपणा, नसेची जाडी आणि घाम न येणे या कुष्ठरोगाच्या तिन्ही खुणा फोटोत येत नाहीत. फोटो काढायचाच तर दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता, एक जवळून आणि एक लांबून, आणि मलम लावण्याआधी काढावा. तो डॉक्टरांना दाखवावा. लावलेल्या ट्यूबचे रिकामे खोकेही सोबत न्यावे.

तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढे वरोऱ्याचे उपजिल्हा रुग्णालय, आनंदवनातले रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशा ताई घरोघरी शोधमोहिमेवर येतात तेव्हा अंगावरचा डाग लपवला जातो, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली असलेल्या घरांत. कायद्याने तरी ही भिंत बरीच पाडली आहे: कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकण्यात आले.

निदान झाल्यावर पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने आणि त्याहून जास्त असतील तर बारा महिने औषधांची पाकिटे मोफत मिळतात. क्लोफाझिमिन या गोळीने कातडी काही काळ काळसर-तांबूस होते आणि रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते. रोग वाढला असे समजून अनेक जण याच टप्प्यावर औषध सोडतात. रंग औषध संपल्यावर हळूहळू मूळपदावर येतो.

औषध चालू असताना किंवा संपल्यानंतरही जुने चट्टे एकाएकी सुजून लाल-गडद झाले, अंगावर दुखऱ्या गाठी आणि ताप आला, कोपरात किंवा गुडघ्यामागे नस ठणकू लागली, डोळा पूर्ण मिटेनासा झाला, तर ती ‘रिअ‍ॅक्शन’ असते. औषधाची अ‍ॅलर्जी समजून गोळ्या बंद करू नयेत, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नसेला झालेली इजा सहा महिन्यांच्या आत लक्षात आली तर उपचारांनी पुष्कळदा हाताची ताकद परत येते.